थोरल्या सरांचा घोटा

थोरले सर जिन्यावर घसरले की दोष जिन्याचा असायचा. रस्त्यात पाय मुडपला की रस्ता बांधणाऱ्याचा. बागेत मुडपला तर उंदरांनी माती पोखरलेली असायची. आणि सपाट, कोरड्या, नव्या कोऱ्या फरशीवर मुडपला, तर ती बसवणाऱ्या गवंड्याचा सात पिढ्यांसकट उद्धार व्हायचा. अशी कित्येक वर्षं गेली. आपला स्वतःचा उजवा घोटाच सैल झालाय, ही शंका हाडांच्या या नावाजलेल्या डॉक्टरांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, ती पहिल्याच वर्षी आली होती. पण डॉक्टरांच्या घरात बाकीच्यांचं निदान मनावर घेतो कोण?

सरांचा दरारा असा की त्यांच्यासमोर मोडलेलं हाडसुद्धा गुमान जुळून यावं. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांचं टेबल, त्यांची करकरणारी खुर्ची आणि त्यांनी घडवलेल्या मोठ्या सिस्टर, असा सगळा संसार त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनीकडे आला. या बाईंचं वय चाळिशीला टेकलं होतं, घरी दोन मुलं होती, कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते. पण थोरले सर हिंडतेफिरते असताना त्या धाकट्याच राहणार, हे उघड होतं. सगळं हॉस्पिटल त्यांना धाकट्या मॅडम म्हणायचं. सर नुसतं ‘पोरी’ म्हणायचे.

धाकट्या मॅडम बाहेर जाऊन दुर्बिणीतून घोट्याची ऑपरेशनं करायला शिकून आल्या होत्या. गुडघ्यात दुर्बीण घालणारे पुष्कळ आहेत. गुडघा म्हणजे ऐसपैस दिवाणखाना. घोटा म्हणजे माळ्यावरची अडगळीची खोली. तिथं वाकून शिरायचं, कोपरे सांभाळायचे आणि कशालाही धक्का न लावता बाहेर यायचं. पेन्सिलीएवढी छिद्रं पाडायची, एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यार, आणि सैल पडलेलं लिगामेंट, म्हणजे घोट्याचं हाड जागच्या जागी धरून ठेवणारी ती चिवट पट्टी, पुन्हा ओढून हाडाला बांधून टाकायची. मॅडमनी त्यासाठी हट्टानं बारीक हत्यारांची एक पेटी हॉस्पिटलला घ्यायला लावली होती.

सर तिला काडेपेटी म्हणायचे. “काय गं, काड्या काय म्हणतात तुझ्या?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. सरांचा विश्वास चिरेवर. चांगली ऐसपैस चीर घ्यावी, काय आहे ते डोळ्यांनी बघावं, बोटांनी चाचपावं, बांधावं आणि शिवावं. या पद्धतीनं त्यांनी शेकडो पाय उभे केले होते आणि त्यातला एकही पाय त्यांना नावं ठेवत नव्हता. त्यामुळे घोट्याच्या दुर्बिणीचं काम सुरू करायचं की नाही, हे ठरवायला हॉस्पिटलचे विश्वस्त बसले तेव्हा त्यांनी एका वाक्यात हात झटकले. थोरले सर म्हणतील तसं. आणि थोरले सर काही म्हणतच नव्हते. पेटी कपाटात पडून राहिली.

मॅडमचा जीव तुटत होता तो एका मुलीसाठी.

ती लांब उडी मारायची, म्हणून मैदानावर तिचं नावच ‘उडी’ पडलं होतं. वय सोळा. ज्या पायावर जोर देऊन झेप घ्यायची नेमका तोच घोटा तीनदा दगा देऊन गेला होता. महिनोन्‌महिने व्यायाम झाला, पट्टे बांधून झाले, तरी पळता पळता पाय बाहेरच्या बाजूला कलंडायचाच. एक्स-रेत तिच्या हाडाच्या टोकाशी वाढीची रेघ अजून पुसट दिसत होती, म्हणजे लिगामेंट बांधायला हाडात खुंटी ठोकायची ती त्या रेघेपासून जपून. मॅडमना हे काम दुर्बिणीतून करायचं होतं; कमी कापाकापी, लवकर सुटका. तिच्या आईनं एकच विचारलं होतं, “तुमच्या मुलीचा पाय असता तर तुम्ही कसं केलं असतं?” मॅडम म्हणाल्या, “दुर्बिणीतूनच.” मग आईनं दुसरा प्रश्न विचारला नाही.

आता सरांचं बिंग फुटलं ते याच पोरीमुळे. निवृत्तीनंतरही सर आठवड्यातून एकदा व्यायामाच्या खोलीत पाहणी करायला यायचे. पाहणी म्हणजे सगळ्यांना झापायचं आणि चहा पिऊन जायचं. त्या दिवशी उडी मऊ गादीच्या तुकड्यावर, डोळे मिटून, एका पायावर उभी राहायचा सराव करत होती आणि डुगडुगत होती.

“एवढं काय अवघड आहे त्यात?” सर म्हणाले.

“करून बघा ना, आजोबा,” उडी म्हणाली.

सरांनी बूट काढले. डोळे मिटले. डावा पाय उचलला. आणि पुढच्या क्षणी ते रबरी चेंडूंच्या मांडणीवर जाऊन आदळले. चेंडू खोलीभर पळाले. गवंडी, उंदीर, रस्तेवाला, कोणीच जवळ नव्हतं. दोष द्यायला नुसती गादी उरली होती, आणि त्याच गादीवर ती पोरगी मघापासून उभी होती.

“आजोबा, तुमचा घोटा माझ्यापेक्षा सैल आहे,” ती मनापासून कळवळून म्हणाली.

मॅडमनी तिथंच खाली बसून सरांची टाच एका हातात धरली, नडगी दुसऱ्या हातात, आणि टाच अलगद पुढे ओढली. ती पुढे आली. यायला नको होती तेवढी आली. हाताखाली ते जाणवलं आणि मॅडमनी वर पाहिलं. सरांनाही जाणवलं होतं. असे घोटे त्यांनी स्वतः इतके ओढून बघितले होते की त्यांना सांगायची गरजच नव्हती.

त्यानंतर सरांनी सहा महिने इमानेइतबारे व्यायाम केला. उडीच्या शेजारच्या गादीवर, तिच्याशी पैजा लावत. मांड्यांतलं, पोटऱ्यांतलं बळ वाढलं, चालणं सुधारलं, पण लिगामेंटच जागेवर नसेल तर पोटरी बिचारी किती पुरी पडणार. एका संध्याकाळी ते बागेच्या फाटकापाशी पुन्हा कोलमडले. मॅडम बघायला घरी गेल्या तेव्हा सर पाय उशीवर ठेवून बसले होते आणि काकू बर्फाची पिशवी धरून होत्या.

“ऑपरेशन करावं लागेल,” सर म्हणाले. “मलाच माझं करता आलं असतं तर तुला त्रास दिला नसता.”

“हात पोचला असता तर ते पण केलं असतं यांनी,” काकू म्हणाल्या.

“तर ऐक, पोरी. तुझ्या काड्यांनीच कर. पण मला झोपवायचं नाही. कमरेखाली बधिर कर, स्क्रीन माझ्याकडे वळव. मी बघणार. तुझ्या दुर्बिणीतून जमलं, तर मी स्वतः विश्वस्तांना सांगतो आणि त्या मुलीचंही तू असंच कर. मध्येच उघडावं लागलं, तर पेटी कपाटात. मुलीला चीर घे, नाहीतर दुसरीकडे पाठव. कबूल?”

ज्या माणसानं मॅडमना चाकू धरायला शिकवलं त्याच्यावरच चाकू धरायचा, तोही तो टक लावून बघत असताना. तरी त्यांची छाती फुगली. हयातभर दुर्बिणीला नाक मुरडलेल्या या माणसानं परीक्षा घ्यायला दुसऱ्या कोणाचा नाही, स्वतःचा पाय पुढे केला होता. असा गुरू कितीजणांच्या वाट्याला येतो?

“कबूल,” त्या म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी सरांना सांगितली नाही. ऑपरेशनच्या दिवशी फळ्यावर मोठ्या सिस्टर सरांचं नाव लिहीत होत्या, तेव्हा मॅडमनी त्याखाली उडीचं नाव लिहायला लावलं.

“आजच?” सिस्टरांचा खडू थांबला. “आणि सरांचं उघडावं लागलं तर?”

“आजच. तिला काही खायला देऊ नका.”

सिस्टरांनी लिहिलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर साफ दिसत होतं की धाकट्या मॅडमच्या डोक्यावर परिणाम झालाय. बाहेरच्या बाकावर उडी, तिची आई आणि काकू अशा तिघी ओळीनं बसल्या. पोरीला भूक लागली होती आणि ती ते दर थोड्या वेळानं सांगत होती. काकूंनी आपलाही डबा पिशवीत ढकलला आणि तिच्या सोबतीला तशाच उपाशी बसून राहिल्या.

आत सरांना टेबलावर घेतलं. भूल देणारे डॉक्टर भिडस्त स्वभावाचे होते, सरांच्या पाठीत सुई टोचताना त्यांनी इतक्यांदा माफी मागितली की सरच म्हणाले, “अरे, टोच एकदाची.” मग पाय जड झाला, परका झाला. छातीपाशी हिरवा पडदा लागला. पडद्याच्या एका बाजूला सरांचं डोकं, दुसऱ्या बाजूला त्यांचा पाय, आणि सरांना नि मॅडमना दोघांनाही दिसेल असा स्क्रीन. पाय धरायला मोठ्या सिस्टर. सरांच्या हाताखाली त्यांची सगळी नोकरी गेली होती. कोणत्या क्षणी पाय किती वळवायचा हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की सरांना कधी दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे.

मॅडमनी आधीच कातडीवर निळ्या शाईनं नस आखून ठेवली होती, छिद्र तिच्यापासून दूर पडावं म्हणून. मिठाचं पाणी सोडून सांधा फुगवला. छोटासा छेद घेतला, दुर्बीण आत सरकली, आणि स्क्रीन उजळला.

आत हाडांच्या टोकांवरचं कूर्चेचं अस्तर पांढरंशुभ्र, गुळगुळीत दिसत होतं. सर स्वतःच्या घोट्याच्या आत बघत होते. आणि गप्प बसणं तर रक्तातच नव्हतं.

“कूर्चा बरी आहे. वयाच्या मानानं उत्तम आहे,” त्यांनी जाहीर केलं. “आता बाहेरच्या कोपऱ्यात चल. अजून. हं.”

मॅडम कोपऱ्यात पोचल्या. लिगामेंट असायला हवं तिथं नुसत्या चिंध्या पाण्यात हलत होत्या.

“संपलं,” पडद्यापलीकडून आवाज आला. “यात काही जीव नाही. टाका धरणार नाही. उघड.”

सिस्टरांचा मोकळा हात आपोआप मोठ्या हत्यारांच्या झाकलेल्या ट्रेकडे गेला.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या.

“थांबून काय होणार आहे? पाय आत वळवा जरा, म्हणजे हिलाही दिसेल.”

आणि सिस्टरांनी पाय आत वळवला.

त्यांनी विचार केलाच नव्हता. तो आवाज आला आणि हात हलले, इतक्या वर्षांत हलले होते तसेच. दुर्बिणीचं टोक सांध्यातून निसटलं आणि स्क्रीनवर नुसता लाल अंधार पसरला. धातूचं टोक कूर्चेवर घासलं असतं तर आयुष्यभराचा ओरखडा उठला असता.

बाहेर एक पोरगी सकाळपासून उपाशी बसली होती. आत्ता माघार घेतली तर तिला जाऊन सांगावं लागणार होतं, बाळा, खा काहीतरी आणि घरी जा. मॅडमनी दुर्बीण बाहेर काढली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

“सिस्टर, पाय हलवायला कोणी सांगितलं?”

“सरांनी.”

“सर आज कोण आहेत?”

मास्कच्या वर सिस्टरांचे डोळे दिसत होते तेवढे पाणावले. “पेशंट,” त्या हळूच म्हणाल्या.

“अगं, मी फक्त एवढंच म्हणत होतो की...”

“पेशंटनं दुखलं तर बोलायचं,” मॅडम म्हणाल्या. “दुखतंय का, सर?”

“नाही.”

“मग झालं.”

सरांना असं गप्प बसवलेलं आजवर कोणी पाहिलं नव्हतं, काकू धरून. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मोठ्या आशेनं कानाशी येऊन विचारलं, “झोपवू का त्यांना?”

“नको,” मॅडम म्हणाल्या. “त्यांना बघू दे.”

हे म्हणताना त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला, आणि तो वाटून घ्यायला त्यांची काही हरकत नव्हती.

त्या पुन्हा आत शिरल्या. आधी कूर्चा न्याहाळली, ओरखडा नव्हता. मग चिंध्यांकडे वळल्या. बारीक हत्यारानं एकेक चिंधी काढत गेल्या. घाई केली नाही. बराच वेळ स्क्रीनवर पांढऱ्या धाग्यांशिवाय काही नव्हतं आणि मॅडमच्या पाठीवरून घाम ओघळत होता. मग चिंध्यांच्या मागे, हाडाला खाली भलत्याच जागी चिकटून बसलेली एक जाड, चकचकीत पट्टी दिसली. लिगामेंट मेलेलं नव्हतं. कधीतरी तुटलं होतं, आणि चुकीच्या ठिकाणी जाऊन बरं झालं होतं. मॅडमनी आकडा घालून ते ओढून बघितलं. ताणलं, पण तुटलं नाही. पडद्यापलीकडे एक मोठा श्वास ऐकू आला. शब्द मात्र आला नाही.

पट्टी मोकळी करून मॅडमनी मुद्दाम दुर्बीण आतल्या बाजूच्या कोपऱ्यात नेली. तिथं तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा कूर्चेचा सुटा तुकडा लपून बसला होता. चिमट्यानं त्यांनी तो बाहेर काढला आणि वाटीत टाकला.

“बोलू का?” सरांनी विचारलं.

मोठ्या सिस्टरांनी चमकून मॅडमकडे पाहिलं. सर परवानगी मागत होते.

“बोला.”

“मी बाहेरच्या बाजूनं चीर घेतली असती, तर हा तुकडा दिसला असता?”

“नाही, सर.”

“हं,” सर म्हणाले. पण आता ते स्क्रीनकडे ज्या नजरेनं बघत होते ती परीक्षकाची नजर नव्हती. पहिल्या बाकावरच्या हुशार पोराची होती.

पुढचं काम मॅडमच्या हातचं होतं आणि ते त्यांनी फार देखणं केलं. हाडाच्या टोकाला बारीक भोक, त्यात दोऱ्यासकट छोटी खुंटी, दोरा पट्टीतून आरपार, मग तिच्याशेजारी दुसरी खुंटी. आता गाठ आवळायची. इथं पाय कसा धरला आहे यावर सगळं अवलंबून असतं. जरा चुकला की पट्टी एकतर सैल राहते नाहीतर जखडून जाते.

पडद्यापलीकडे सर घसा खाकरले. सिस्टरांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांची नजर मॅडमवर होती.

“मॅडम, किती?”

“काटकोनात. आणि कणभर बाहेर. बस, असाच धरा.”

गाठी बसल्या. मॅडमनी हत्यारं बाजूला ठेवली, टाच हातात घेतली, नडगी दुसऱ्या हातात, आणि अगदी जपून टाच पुढे ओढली. ती आली नाही. घोटा आपल्या जागी ठाम होता. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हातांत हातमोजे असल्यामुळे पुसायचीही सोय नव्हती, म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं. इतक्या वर्षांत त्यांनी पुष्कळ पाय बांधले होते. हा बांधल्याचा अभिमान त्यांना मरेपर्यंत पुरणार होता.

छिद्रांवर एकेक टाका पडला, पट्ट्या बसल्या, पायावर आधाराचा बूट चढला. मॅडम पडद्याला वळसा घालून सरांच्या डोक्याशी आल्या.

“झालं, सर. काही दिवस पाय टेकायचा नाही. मग हळूहळू बुटात टेकायचा, मग व्यायाम. आणि सूज उतरेपर्यंत पाय उशीवर. काकूंना सांगते मी.”

“तिला सांगितलंस म्हणजे मेलोच मी,” सर म्हणाले. “विश्वस्तांना आज संध्याकाळीच फोन करतो. त्या मुलीचं कधी करतेस? पुढच्या आठवड्यात?”

“ती बाहेर बसलीय. सकाळपासून उपाशी.”

सरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“म्हणजे माझं जमेल की नाही हे ठरायच्या आधीच तू तिला बोलावून ठेवलंस?”

“हो.”

“आणि मी ‘उघड’ म्हणालो तेव्हा?”

“तेव्हाही ती बाहेरच होती, सर.”

यंत्रावरचे ठोके एकाएकी भरभर पडायला लागले. भूल देणारे डॉक्टर घाबरून वाकून बघायला लागले, तर सरांचे ओठ थरथरत होते आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी थेट कानांत चाललं होतं. त्यांनी ते लपवायचा प्रयत्न केला नाही. त्यांना तेव्हा आपल्या पायाचं काहीच वाटत नव्हतं. अशी विद्यार्थिनी आपण घडवली, एवढं एकच वाटत होतं, आणि त्यानं ऊर भरून आला होता.

“सिस्टर,” त्यांनी हाक मारली.

सिस्टर जागच्या हलल्या नाहीत.

“सिस्टर, जरा मॅडमना विचारून सांगा,” सर म्हणाले, “मला इथून कधी हलवताय. जागा अडवून बसलोय मी. पोर भुकेली आहे.”